हरणांचा मका शेळ्या खातात तेव्हा: टेक्सासमधे फीडरला कुंपण का आणि कसं घालतात

टेक्सासमधे राहणाऱ्या आपल्या लोकांना हे दृश्य दर वर्षी दिसतं. ऑक्टोबर लागला की गॅस स्टेशनच्या दारात, किराणा दुकानाच्या बाहेर मक्याच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि पोत्यांवर शिंगवाल्या हरणाचं चित्र असतं. मग सोमवारी ऑफिसात कोणीतरी सांगतं की वीकेंडला लीजवर गेलो होतो, फीडरला कुंपण घालत बसलो, शेळ्यांनी सगळा मका संपवलाय. आपण मान डोलावतो पण नीट काही कळलेलं नसतं. हरणाला मका कोण घालतं, शिकारीच्या रानात शेळ्या आल्या कुठून, आणि शेळीला अडवणारं कुंपण हरणाला कसं काय अडवत नाही? आता आपल्यातलेही काही जण सॅन अँटोनियो, ऑस्टिनच्या पश्चिमेला थोडी जमीन घ्यायला लागलेत, त्यांच्यापुढे तर हा प्रश्न रोजचाच आहे, म्हणून सगळं मुळापासून लिहितोय.

लीज आणि फीडर म्हणजे काय

टेक्सासमधली ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन खाजगी मालकीची आहे. हरीण मात्र जमीन मालकाचं नसतं, कायद्याने ते राज्यातल्या जनतेचं. मालकाच्या हातात असतं ते फक्त आपल्या जमिनीवर कोणाला येऊ द्यायचं हे, आणि तो तेच भाड्याने देतो. शिकारी लोक चार-पाच जण मिळून वर्षाचे किंवा सीझनचे पैसे भरतात आणि त्या जमिनीवर शिकारीचा हक्क घेतात, ह्याला लीज म्हणतात. हरीण म्हणजे इथे मुख्यतः व्हाइटटेल, पळताना शेपटी वर करते आणि खालचा पांढरा भाग चमकतो ती. राज्यात त्यांची संख्या ५० लाखांच्या आसपास मानतात. बंदुकीने शिकारीचा मुख्य सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो.

फीडर म्हणजे दोनशे लिटरचं एक पिंप, तीन उंच पायांवर उभं केलेलं. खाली बॅटरीवर चालणारी छोटी मोटर, तिला फिरणारी चकती, आणि एक टायमर. सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी चकती काही सेकंद फिरते आणि मका चहूबाजूंना पंधरा-वीस फुटांपर्यंत उडतो. हरणांना सवय लागते, ती वेळेवर येतात, शिकारी लांब मचाणासारख्या खोलीत बसलेला असतो. दुसऱ्या प्रकारचा फीडर गोळीपेंडीचा, त्यात १६ ते २० टक्के प्रथिनं असलेली पेंड भरून ठेवतात आणि नळ्यांमधून हरणं हवं तेव्हा खातात, तो शिकारीपेक्षा जास्त हरणांची तब्येत आणि शिंगं सुधारावीत म्हणून. मक्यात प्रथिनं जेमतेम ८-९ टक्के, म्हणजे मका हे पोषण कमी आणि आमिष जास्त.

शिकारीच्या जमिनीवर शेळ्या कशाला?

हे ज्या भागात सगळ्यात जास्त होतं तो सॅन अँटोनियो-ऑस्टिनच्या पश्चिमेचा, एडवर्ड्स पठाराचा आणि हिल कंट्रीचा पट्टा. चुनखडीचा खडक, त्यावर वीतभर माती, ओकची झाडं आणि सीडरची झुडपं. गाईपेक्षा शेळीला मानवणारं रान. इथे कित्येक पिढ्या अंगोरा शेळ्या पाळल्या गेल्या, त्यांच्या लांब रेशमी केसांना मोहेर म्हणतात. १९५४च्या एका कायद्याने लोकर आणि मोहेरला सरकारी अनुदान मिळायचं, १९९३ मधे संसदेने ते बंद करायचं ठरवलं आणि १९९५ नंतर ते थांबलं, तसे अंगोराचे कळप झपाट्याने कमी झाले. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतली बोअर जात अमेरिकेत आली आणि लोक मांसासाठीच्या शेळ्यांकडे वळले. आजही अमेरिकेत सगळ्यात जास्त शेळ्या टेक्सासमधेच आहेत आणि सॅन अँजेलोचा शेळ्या-मेंढ्यांचा लिलाव देशात नावाजलेला आहे.

दुसरं कारण टॅक्सचं, आणि बाहेरच्या माणसाला हेच कळत नाही. जमीन शेतीच्या किंवा पशुपालनाच्या वापरात असली तर प्रॉपर्टी टॅक्स बाजारभावावर लागत नाही, जमिनीतून शेती म्हणून जे उत्पन्न निघेल त्यावर लागतो, आणि ह्या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्यामुळे मालक स्वतः शेळ्या पाळत नसला तरी चराईचा हक्क कोणाला तरी देऊन टाकतो. म्हणजे एकाच रानात मालक एक, शेळ्यांवाला दुसरा आणि शिकारी तिसरा, तिघांचाही हक्क कागदावर पक्का. भांडणं होतात ती इथूनच, कारण फीडर तिसऱ्याचा, तोंड दुसऱ्याच्या शेळीचं.

डुकराला अडवणं सोपं, शेळीला अवघड

टेक्सासमधे रानडुकरं इतकी झालीत की फीडरला कुंपण घालणं ही काही नवी गोष्ट नाही. दुकानात डुकरांसाठीचे तयार पॅनल मिळतात, जाड तारेची वेल्ड केलेली जाळी, १६ फूट लांब आणि ३४ इंच उंच. डुक्कर ढकलतं, उकरतं, पण सहसा उडी मारत नाही. हरीण ३४ इंच चालता चालता ओलांडतं. प्रश्न मिटला.

शेळीच्या बाबतीत हे चालत नाही. आपण गॅलरीत चिमण्यांसाठी दाणे ठेवतो आणि कबुतरं येऊन सगळं फस्त करतात तेव्हा निदान एक सोय असते, कबुतर मोठं आणि चिमणी लहान, त्यामुळे बारीक जाळीचा पिंजरा ठेवला की चिमणी आत जाते आणि कबुतर बाहेर राहतं. शेळी आणि हरणात असा आकाराचा फरकच नाही. वजन जवळपास सारखं, दोघंही रवंथ करणारे, दोघांनाही झाडपाला आवडतो, दोघंही चपळ. शेळी तर मागच्या पायांवर उभी राहून डोक्याच्या वरचं ओढते, वरचा ओठ बोटासारखा वापरते, आणि हुशार इतकी की फीडरच्या मोटरचा आवाज एकदा ओळखला की पुढच्या वेळी रानातून कळपच्या कळप पळत येतो. हरीण लाजाळू, ते कळपाचा गोंधळ बघून कडेलाच थांबतं. त्यात शेळ्यांबरोबर बऱ्याचदा राखणीची मोठी पांढरी ग्रेट पिरनीज कुत्री असतात, ती तर हरणाला जवळ फिरकू देत नाहीत.

मग दोघांना वेगळं करणारं काय उरतं? एकच, अडथळा आला की कोण काय करतं. हरणाला मोकळी जागा मिळाली की ते वरून उडी मारतं, मोठं व्हाइटटेल सात-आठ फूटही जाऊ शकतं. शेळी आधी खालून बघते, मग फटीतून डोकं घालते, मग जाळीवर पाय देऊन चढते किंवा अंग टाकून जाळी वाकवते, आणि उडी तिचा शेवटचा उपाय. म्हणून कुंपण असं हवं की खालून, मधून, चढून जाता येणार नाही, फक्त वरून उडी मारूनच जाता येईल. बाकी सगळा तपशील ह्या एका गोष्टीतून निघतो.

मका शेळीच्या जिवावर उठतो

कुंपणाची चर्चा नेहमी शिकाऱ्याच्या पैशांवर येऊन थांबते, पोतं इतक्याला पडलं आणि शेळ्यांनी खाल्लं वगैरे. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते शेळीचं नुकसान, कारण ती ह्यात मरू शकते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटात अब्जावधी जिवाणू असतात आणि ते हळूहळू पाला, गवत पचवतात. त्यांना सवय नसताना अचानक भरपूर दाणे पोटात गेले की दाणे आंबवणारे जिवाणू झपाट्याने वाढतात, लॅक्टिक ॲसिड तयार होतं, पोटातली आम्लता वाढते, जनावर खाणं सोडतं, पोट फुगतं, जुलाब लागतात, आडवं पडतं आणि एक-दोन दिवसात जाऊ शकतं. आपल्याकडे लग्नघरचं उरलेलं अन्न किंवा उघडं राहिलेलं धान्याचं पोतं खाऊन शेळ्या मरतात ते हेच. जोडीला आंत्रविषार, ज्याची लस आपले शेळीपालक पावसाळ्याआधी टोचून घेतात, तो आजारही जास्त दाण्यानेच भडकतो आणि चांगली धडधाकट करडं एका रात्रीत जातात.

फीडरमधून रोज थोडा थोडा मका पडतो तोवर निभावतं. पण शेळ्या पायांना अंग घासतात, धक्के देतात, आणि ज्या दिवशी भरलेलं पिंप आडवं होतं त्या दिवशी शंभर-दीडशे किलो मका जमिनीवर असतो. शिकारी ह्यूस्टन किंवा डॅलसमधे, चार-पाच तासांवर. इथे उंटावरून शेळ्या हाकून भागत नाही, फीडरचे पाय जमिनीला घट्ट बांधणं हे कुंपणाच्याही आधीचं काम आहे. मेंढ्या असतील तर गोळीपेंडीबाबत आणखी सावध राहायला हवं, हरणांच्या पेंडीत तांबं जास्त असतं आणि मेंढीला ते विषासारखं बाधतं.

कुंपण घालायचं तर कसं

उंची साधारण ४ फूट. ३४ इंचावर शेळी पुढचे पाय टेकते आणि आत जाते, चार फुटांवर बहुतेक शेळ्या नाद सोडतात आणि मोठ्या हरणाला मात्र काहीच वाटत नाही. जाळीतली प्रत्येक चौकट ४ इंची घ्यायची. गाईंचे जे पॅनल असतात त्यांच्या चौकटी मोठ्या, त्यातून करडू सरळ आत जातं आणि शिंगवाली शेळी डोकं आत घालते पण शिंगांमुळे तिला ते बाहेर काढता येत नाही. मग ती तिथेच अडकून उन्हात उभी, कोल्हे-कुत्र्यांच्या तावडीत. हिल कंट्रीतले शेळीवाले अशा अडकणाऱ्या शेळीच्या दोन्ही शिंगांना आडवी काठी किंवा पीव्हीसीचा तुकडा बांधतात म्हणजे डोकं आत जातच नाही. पण मुळात चौकटच लहान असली तर ही वेळ येत नाही.

आता घेर, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लोक पैसे वाचवायला चार-पाच पॅनल लावून छोटं रिंगण करतात. दोन गोष्टी बिघडतात, चकतीने उडवलेला मका कुंपणाबाहेर पडतो आणि शेळ्या तिथेच मुक्काम ठोकतात, आणि हरणाला आत उडी मारायची भीती वाटते कारण आत गेल्यावर परत धाव घेऊन बाहेर पडायला जागा नसते. हिशोब सोपा आहे, १६ फुटांचे १० पॅनल गोल लावले की परीघ १६० फूट, म्हणजे आरपारचं अंतर (व्यास) ५० फुटांच्या आसपास. आठ पॅनलला ते ४० फूट होतं, आणि मका दोन्ही बाजूंना वीस-वीस फूट उडत असेल तर ४० म्हणजे अगदी काठावर. शक्य असेल तर दहा लावा, आणि नाहीच जमलं तर मोटरचा वेग कमी करा. फीडर एकदा हाताने चालवून दाणे कुठवर जातात ते बघा आणि मगच खुणा करा. रिंगण गोलच ठेवा, कोपरे नकोत, घाबरलेलं जनावर कोपऱ्यात सापडतं.

खांब म्हणजे इथे टी-पोस्ट, लोखंडी, इंग्रजी टी अक्षरासारखे, दर आठ फुटांवर एक. दहा पॅनलला वीस लागतात. चुनखडीत ते ठोकणं म्हणजे घाम काढणारं काम, बऱ्याच ठिकाणी आधी ड्रिलने भोक पाडावं लागतं. जाळी खांबांच्या बाहेरच्या बाजूने बांधायची, कारण शेळ्या बाहेरून रेटणार, जाळी खांबावर दाबली जाईल तर टिकेल, आतून बांधली असेल तर तारा तुटून आत पडेल. जमीन उंचसखल असते, जाळीखाली जिथे फट राहते तिथे दगड रचून घ्या, करडांना वीतभर फट पुरते. तिकडे जुने लोक म्हणतात की ज्या कुंपणातून पाणी जातं त्यातून शेळी जाते, आणि ते अनुभवाचं बोलणं आहे.

कुंपणाजवळ मोठा दगड, आडवं झाड, ट्रेलर, काही म्हणजे काही ठेवू नका, शेळीला पायरी मिळाली की चार फुटांचे दोनच फूट होतात. उतारावर तर रिंगण घालूच नका, वरच्या बाजूने शेळी आरामात आत येते. आणि वरून काटेरी तार अजिबात ओढू नका, ही माझी अगदी कळकळीची विनंती आहे. हरीण उडी मारताना मागचे पाय पोटाखाली घेतं, वरच्या दोन तारांमधे पाय गेला की तारांची पिळ बसते आणि ते उलटं लटकून तडफडत मरतं, हे रानात वरचेवर बघायला मिळतं. वरची कड गुळगुळीतच हवी. विजेची सुटी जाळी पण टाळा, शिंगवाली शेळी त्यात गुंतली की झटके खात राहते.

पाडसांचं काय?

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. हिल कंट्रीत पाडसं साधारण जूनच्या मागेपुढे जन्मतात, नोव्हेंबरमधे ती पाच महिन्यांची असतात आणि चार फुटांना बिचकतात. आई आत, पाडस बाहेर, मग आई पण लवकर निघून जाते. डुकरांसाठीचं कुंपण कमी उंचीचं ठेवून हे टाळता येतं, शेळ्यांच्या बाबतीत ती सवलत घेता येत नाही. म्हणून माझं मत असं की शिकारीसाठी मका टाकायचा असेल तर चार फुटांचं कुंपण ठीक, पण माद्या आणि पाडसांना पोसणं हा हेतू असेल तर फीडर ज्या भागात आहे तिथे शेळ्याच नकोत, कुंपण रिंगणाला न घालता त्या अख्ख्या चराईच्या तुकड्याला घाला.

शेळ्या खाणार नाहीत असं काही नाही का?

डुकरं खाणार नाहीत असं खाद्य आहे, ते म्हणजे आपली सरकी. टेक्सासमधे कापूस भरपूर, सरकीही भरपूर, आणि जाळीच्या पिंजऱ्यात भरून हरणांना घालतात. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, ते डुकरांना आणि रॅकूनना बाधतं आणि ते सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. पण रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या कोटीपोटात ते बरंचसं निकामी होतं. आपल्या म्हशी सरकी खातात की. म्हणजे जे हरणाला चालतं ते शेळीलाही चालतं, परत तेच साम्य आडवं येतं. गोळीपेंडीच्या नळ्या उंच लावूनही उपयोग नाही, शेळी दोन पायांवर उभी राहते आणि हरणाच्याही वर पोचते.

मग शेळ्या काढूनच टाका ना

शिकारी हेच म्हणतो. पण शेळ्या गेल्या तर मालकाची टॅक्सची सवलत जाऊ शकते, आणि एखाद्या कुटुंबाची ती रोजीरोटीही असते. शिवाय शेळ्या सीडरची कोवळी रोपं खाऊन रान थोडं मोकळं ठेवतात. एक मार्ग मात्र आहे. १९९५ मधे टेक्सासच्या मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि वन्यजीवांसाठी जमीन सांभाळणं हाही शेतीसारखाच वापर मानला गेला. जमीन आधीपासून शेतीच्या सवलतीत असली पाहिजे, आणि सात कामांपैकी निदान तीन करायला हवीत: अधिवास सुधारणं, मातीची धूप रोखणं, हिंस्र प्राण्यांवर नियंत्रण, जादा पाणी, जादा खाद्य, निवारा, आणि शिरगणती. म्हणजे शेळ्या न ठेवताही सवलत टिकू शकते, पण कागदपत्रं आणि कामं दर वर्षी नीट करावी लागतात.

कुंपणाने मका वाचतो, रान वाचत नाही

हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. हरणाचं खरं अन्न फीडरमधे नाहीये, ते झुडपांचे कोवळे शेंडे आणि रुंद पानांच्या रानभाज्यांसारख्या वनस्पती ह्यात आहे. शेळीलाही आधी तेच आवडतं. आणि ते संपलं की शेळी गवतावर दिवस काढते, व्हाइटटेलला जून गवतावर जगता येत नाही. म्हणजे टंचाईत हरणच हरतं, फीडरभोवती कितीही सुंदर कुंपण असलं तरी.

ह्याचा पुरावा केर काउंटीतल्या सरकारी वन्यजीव क्षेत्रात मिळाला. तिथे १९७१ मधे ९६ एकरांच्या उंच कुंपणात सहा व्हाइटटेल आणि सहा सिका हरणं सोडली. सिका हे आशियातलं हरीण, शेळीसारखंच, पाला नसला की गवतावर भागवणारं. नऊ वर्षांत व्हाइटटेल एकही उरलं नाही आणि सिका साठच्या वर गेली. आपल्या ओळखीचं चितळही १९३०च्या दशकात टेक्सासमधे आणलं गेलं, आता हिल कंट्रीत त्याचे कळपच्या कळप आहेत आणि तेही गवतावर तितकंच मजेत जगतं. म्हणून ओकच्या झाडांखाली शेळीचं तोंड पोचेल तिथपर्यंतचा सगळा पाला एका रेषेत साफ झालेला दिसला तर समजायचं की रानात तोंडं जास्त झालीत. ढोबळ हिशोबात एक गाय म्हणजे पाच-सहा शेळ्या किंवा पाच-सहा हरणं, आणि शेळ्या मोजताना हरणं मोजायची राहून जातात.

मका टाकून शिकार योग्य आहे का, आणि रोगराई?

टेक्सासमधे खाजगी जमिनीवर हे कायदेशीर आहे, काही राज्यांमधे बंदी आहे, आणि शिकाऱ्यांमधेच ह्यावरून दोन तट आहेत. भारतात १९७२च्या कायद्यानंतर वाढलेल्या आपल्याला शिकार हा शब्दच टोचतो. पण इथे लांडगे संपलेत, आणि पूर्वी नवजात पाडसांच्या बेंबीत अंडी घालणारी आणि त्यातल्या अळ्यांनी त्यांचा जीव घेणारी स्क्रूवर्म माशीही विसाव्या शतकात हटवली गेली, त्यामुळे हरणांची संख्या आवरायची कशी हा प्रश्न खरा आहे. रोगाची शंका तर पूर्णपणे रास्त. हरणांच्या मेंदूला पोखरणारा सीडब्ल्यूडी नावाचा असाध्य रोग टेक्सासमधे २०१२ साली म्यूल डिअर ह्या जातीत आणि २०१५ मधे एका प्रजनन केंद्रातल्या व्हाइटटेलमधे सापडला, आणि जिथे हरणं एका जागी तोंड लावतात तिथे तो पसरायला मदत होते. कुंपणाने ह्यात काही फरक पडत नाही. शेळ्या वेगळ्या ठेवल्याने एक फायदा होतो, रक्त पिणारा पोटातला जंत शेळी आणि हरीण दोघांनाही होतो आणि एकाच जागी लेंड्या आणि चारा एकत्र आला की वाढतो.

लीज करताना कागदावर काय लिहायचं

खांब ठोकण्याआधी मालक आणि शेळीवाला दोघांनाही विचारा, कारण कुंपण तुमचं असलं तरी जमीन तुमची नाही. शेळ्या किती असतील आणि कोणत्या तुकड्यात, ऑक्टोबर ते जानेवारी त्या दुसरीकडे हलवता येतील का, आडव्या पडलेल्या फीडरमुळे शेळी मेली तर भरपाई कोणाकडे, शेळी जाळीत अडकलेली दिसली तर फोन कोणाला करायचा, हे सगळं लिहून घ्या. कळप सीझनपुरता हलवायला शेळीवाला तयार होत असेल तर त्याला थोडे पैसे देणं वीस खांब ठोकण्यापेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतं. आणि लीज संपल्यावर पॅनल आणि खांब कोण काढणार तेही ठरवा, कारण गवतात पडून राहिलेल्या जाळीत पुढच्या वर्षी कोणाची तरी शेळी, नाहीतर पाडस, अडकतंच.